सेन्सर आणि प्रोसेसर एकाच चिपवर : प्रकाशाची वळणं आणि उष्णतेचा त्रास

सेन्सर एका चिपवर, प्रोसेसर दुसऱ्या चिपवर आणि मधे धातूच्या बारीक तारा, आजवर बहुतेक ठिकाणी असंच चालत आलंय. पण सेन्सरचा सिग्नल मुळात कमजोर असतो, वाटेत त्यात नॉइज मिसळतो आणि नुसता डेटा इकडून तिकडे नेण्यातच बरीच वीज जाते. म्हणून दोघांना एकाच सिलिकॉनच्या चिपवर बसवायची धडपड चाललीय, आणि त्यात विजेच्या जोडीला प्रकाशही वापरला जातोय.

सिलिकॉनची गंमत अशी की साधारण 1100 नॅनोमीटरच्या पुढच्या वेव्हलेंग्थचा (तरंगलांबीचा) प्रकाश ते शोषत नाही, आरपार जाऊ देतं, त्यामुळे प्रकाश वाहून न्यायला एकदम छान, जेमतेम 500 नॅनोमीटर रुंदीची सिलिकॉनची पट्टी पुरते. पण तोच प्रकाश पकडायचा तर बहुतेक वेळा जर्मेनियम लागतं, आणि लेझर तर सिलिकॉनचा जवळपास होतच नाही, तो बाहेरून द्यावा लागतो किंवा इंडियम फॉस्फाइडसारखं मटेरियल वर चिकटवावं लागतं.

2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी, बर्कले आणि कोलोरॅडो या विद्यापीठांच्या संशोधकांनी 7 कोटींपेक्षा जास्त ट्रान्झिस्टर आणि प्रकाश हाताळणारे 850 भाग एकाच चिपवर आणले, प्रोसेसर आणि मेमरी प्रकाशातून बोलायला लागले. मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर फॅक्टरीची नेहमीची प्रोसेस त्यांनी बदललीच नाही, ट्रान्झिस्टर फास्ट व्हावेत म्हणून तिथे आधीपासून वापरात असलेलं सिलिकॉन-जर्मेनियमच प्रकाश पकडायला वापरलं.

सेन्सिंगसाठी बऱ्याचदा रिंग वापरतात, काही मायक्रॉनची गोल पट्टी. ठरावीक वेव्हलेंग्थचाच प्रकाश तिच्यात फिरत राहतो. रिंगवर अँटीबॉडीचा (ठरावीक प्रोटीनलाच पकडणाऱ्या रेणूंचा) थर द्यायचा, मग हवं ते प्रोटीन येऊन चिकटलं की ती वेव्हलेंग्थ किंचित सरकते, आणि तेवढ्यावरून प्रोटीन ओळखता येतं.

पण तापमान 1 अंशाने वाढलं तरी ती वेव्हलेंग्थ साधारण 0.1 नॅनोमीटर सरकते, आणि शेजारी प्रोसेसर तर कामाला लागला की तापणारच! त्यामुळे प्रोटीन चिकटलं की चिप तापली हेच कळत नाही. यावर उपाय म्हणजे बाजूला दुसरी झाकलेली रिंग ठेवायची, तिच्यापर्यंत प्रोटीन पोचत नाही, पण उष्णता दोघींनाही सारखीच लागते, मग एकीच्या सरकण्यातून दुसरीचं वजा केलं की उरतं ते प्रोटीनमुळे. ही वजाबाकी सतत चालू ठेवावी लागते, आणि प्रोसेसर त्याच चिपवर असला की ती जागच्या जागी होते, कच्चा डेटा बाहेर पाठवावाच लागत नाही.