कुत्र्याचा व्यायाम, वयानुसार

कुत्र्याचा व्यायाम म्हणजे वय, जात, वजन आणि तब्येत बघून त्याला दिलेली हालचाल. चालणं-पळणं तर त्यात येतंच, पण वास घेत भटकणं, पोहणं, ओढाओढी, लपवलेली वस्तू शोधणं हेही येतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमाभागात पूर्वी याचा वेगळा विचार करायची वेळच येत नव्हती, शेतावरचं कुत्रं मालकामागनं मळ्यात जायचं, बांधावरनं हिंडायचं आणि दमलं की गोठ्याच्या सावलीला पडायचं. आता बेळगाव शहरात टिळकवाडी, शहापूर, कॅम्प भागात लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पग घरोघरी आलेत आणि आठवडाभर साखळीला बांधायचं मग रविवारी एकदम दोन तास पळवायचं अशी पद्धत पडलीय, जी कुठल्याच वयाच्या कुत्र्याला मानवत नाही.

पिल्लाच्या बाबतीत सगळा प्रश्न हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्टीचा आहे. ही पट्टी कूर्चेची, म्हणजे मऊ असते आणि हाड लांबीला तिथंच वाढतं. लहान जातींत ती साधारण ६ ते ९ महिन्यांत भरून येते, मोठ्या जातींत १२ ते १८ महिने लागतात, अतिविशाल जातींत त्याहूनही जास्त, आणि नसबंदी फार लवकर केली तर भरायला आणखी उशीर होतो. चार महिन्यांच्या शेफर्डच्या पिल्लाचा पुढचा पाय हातात घेऊन बघा, मनगटाच्या जरा वर गोटीएवढा फुगीर भाग बोटाला लागतो. लोक त्याला सूज समजून घाबरतात पण बहुतेक वेळा ती वाढीची जागाच असते (गरम लागत असेल किंवा दाबल्यावर पिल्लू पाय ओढून घेत असेल तर मात्र डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे). पुढच्या पायात दोन हाडं शेजारी-शेजारी असतात, त्यातल्या एकाची पट्टी मार लागून अकाली बंद झाली तर दुसरं वाढतच राहतं आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. जीपमधून किंवा कट्ट्यावरून पिल्लाला उडी मारू देऊ नये म्हणतात ते यासाठीच.

पिल्लाला किती चालवायचं याचा सगळ्यात गाजलेला नियम म्हणजे वयाच्या प्रत्येक महिन्यामागं ५ मिनिटं, दिवसातनं एकदा किंवा दोनदा, म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी २० मिनिटं. हा नियम नेमका कुठनं आला यावर एकमत नाही. बरेचजण तो ब्रिटनमधल्या केनेल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) सल्ल्याशी जोडतात, काहीजण तो ब्रीडर म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्या लोकांच्या तोंडी परंपरेतनं आला असं मानतात आणि ते जास्त पटण्यासारखं आहे, कारण त्याच्यामागं मोजमाप करून केलेला अभ्यास दाखवता येत नाही. त्याच्या शेजारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला नॉर्वेतला अभ्यास ठेवून बघण्यासारखा आहे. न्यूफाउंडलंड, लॅब्रॅडॉर, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांचा त्यात पाठपुरावा केला होता. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त निघाला, आणि त्याच वयात मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं सोडलेल्या पिल्लांत कमी. शेतावर वाढलेल्या पिल्लांतही कमीच. अर्थात हा अभ्यास चार मोठ्या जातींपुरता आणि थंड देशातला, तो गावठी पिल्लाला किंवा मुधोळ हाउंड या इथल्या शिकारी जातीला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीपण रोख स्पष्ट आहे, मिनिटांपेक्षा जमीन कसली आणि थांबायची मोकळीक कुणाच्या हातात हे महत्त्वाचं. म्हणून ५ मिनिटांचा नियम पट्टा लावून डांबरी रस्त्यावर चालवण्याची वरची मर्यादा म्हणून पाळावा, अंगणातल्या मातीत पिल्लू स्वतःहून खेळतंय, लोळतंय, मनाला येईल तेव्हा बसतंय त्याला घड्याळ लावू नये.

लसीकरण आणि बाहेर काढणं यांचं गणित जरा अवघड आहे. पिल्लू जगाला सरावतं ते साधारण ३ ते १२-१४ आठवड्यांच्या काळात, आणि लशींचे डोस पुरे व्हायला १६ आठवडे तरी होतात. रस्त्यावरनं येणारा पार्वो हा विषाणूचा रोग तर पिल्लाचा जीव घेतो. मधला मार्ग म्हणजे कडेवर घेऊन फिरवणं, खडेबाजारातली गर्दी, रिक्षांचे हॉर्न, बँडबाजा हे सगळं पिल्लाला उचलूनच दाखवावं, जमिनीवर सोडू नये.

प्रौढ वयात जातीचा फरक ठळक होतो. या भागाच्या पूर्वेला बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे आणि तिथला मुधोळ हाउंड, ज्याला कारवान किंवा लांब केसांचा असेल तर पश्मी म्हणतात, तो आपल्याकडं शेतातनं बराच दिसतो. त्याचं मूळ वादात आहे. मध्य आशिया आणि अरबस्तानातनं आलेल्या व्यापारी-सैनिकांच्या सालुकी, स्लूगी अशा कुत्र्यांचा तो वंशज असं बहुतेक मानतात, दख्खनच्या स्थानिक कुत्र्यांशी संकर किती झाला यावर मतं वेगळी आहेत. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी जात जोपासली आणि मालोजीरावांनी एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली. २००५ मध्ये या जातीवर टपाल तिकीट निघालं, मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे. मूळ कुठलंही असो, शरीर नजरेनं शिकार हेरून झेप घेणाऱ्याचं आहे, थोडा वेळ जीव तोडून पळायचं आणि मग तासन्‌तास पडून राहायचं. त्याला बाईकमागं बांधून मैलोन्‌मैल पळवतात ते त्याच्या जातीच्याच विरुद्ध आहे, शिवाय कुत्रं थांबू शकत नाही आणि तळवे सोलवटतात. कुंपण असलेल्या रानात मोकळं सोडून चार-पाच दौडी पुरतात. कुंपण पाहिजेच, ससा दिसला की ते हाकेला येत नाही आणि ससा, हरण यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

लॅब्रॅडॉरचा घास आधी मोजावा. ४८ लॅब्रॅडॉरवरच्या अमेरिकन अभ्यासात २५ टक्के कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मी कुत्री जिथवर जगली ते वय) १३ वर्षं भरलं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. शिवाय या जातीत एक आनुवंशिक दोष असतो, जोरात खेळून झाल्यावर मागचे पाय लुळे पडतात. असं एकदा जरी दिसलं तरी चेंडूफेक बंद करून तपासून घ्यावं. पगला नाकच आखूड, त्याला सावकाश आणि थंड वेळेलाच.

हवामान तालुक्यागणिक बदलतं. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर, उन्हाळ्यात सकाळी बरं असतं, पण अथणी-रायबागकडं मार्चपासनंच आठच्या आत फेरी उरकावी लागते. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त तळव्यांना येतो, बाकी सगळी गरमी धापेवाटे जाते. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ घट्ट झाली, पाय अडखळायला लागले की तिथंच सावलीत थांबवून अंगावर पाणी ओतायचं आणि पंखा लावून डॉक्टरकडं न्यायचं. खानापूर, जांबोटी बाजूला उलट पावसाची अडचण, गोचीड आणि चिखल, आणि जंगलाकडंच्या वस्त्यांवर संध्याकाळनंतर बिबट्याची भीती. पावसाळा संपल्यावर माळावरची कुसळं वाळली की रोज फेरीनंतर बोटांच्या मधे आणि कानात बघावं, कुसळ एकदा कातडीत शिरलं की मागं येत नाही, आतच पुढं सरकत जातं आणि पू धरतं.

माजावरच्या कुत्रीला दोन-तीन आठवडे पट्ट्याशिवाय सोडू नये. गाभणपण साधारण ६३ दिवसांचं, त्यात रोजचं चालणं चालू ठेवायचं, उड्या आणि दंगामस्ती तेवढी बंद.

म्हातारपण मोठ्या जातींत ७-८ वर्षांपासनं दिसायला लागतं, छोट्यांत १० च्या पुढं. तेव्हा व्यायाम बंद करणं सगळ्यात वाईट, स्नायू गेले की सांध्यावर आणखी भार येतो. एक लांब फेरी मोडून तीन-चार छोट्या कराव्यात, सुरुवातीची पाच मिनिटं हळू चालवावं. गुळगुळीत फरशीवर म्हातारं कुत्रं उठताना बघितलं तर मागचे दोन्ही पाय बाजूला फाकत जातात, दोनदा प्रयत्न करून ते पुन्हा बसतं आणि घरचे म्हणतात आळशी झालं. तिथं गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरली तरी फरक पडतो. दिसायला-ऐकायला कमी झालं तरी नाक बहुतेक शेवटपर्यंत चालतं, म्हणून फेरीत त्याला हवं तेवढा वेळ वास घेऊ द्यावा.