इवल्या स्विचचे तीन सेकंद

मी सोल्डर केलेला, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने सर्किट बोर्डला जोडलेला, पहिला छोटा स्लाइड स्विच बाहेरून अगदी ठणठणीत दिसत होता. तिन्ही सांधे चकचकीत होते. पण दांडी सरकवली की अर्ध्यावर अडकायची आणि जोडणी तपासणारा मल्टिमीटर कुठल्याच बाजूला वाजायचा नाही. शेवटी पातळ ब्लेडने त्याचं पत्र्याचं कवच उघडलं. मधली पिन तिरकी झाली होती, तिच्या बुडाशी प्लास्टिक मेणासारखं ओघळलं होतं आणि आतली संपर्काची पट्टी तिला टेकतच नव्हती. सोल्डर वितळवणारा तापता आयर्न मी फार तर आठ-दहा सेकंद धरला असेन. मोठ्या टॉगल स्विचला तेवढ्याने काहीही झालं नसतं. मग या इवल्या स्विचला का झालं?

उष्णता पदार्थातून झिरपत जाते तेव्हा तिला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट, आणि अंतर निम्मं झालं की वेळ पाव. म्हणजे स्विच निम्म्या आकाराचा झाला की आपल्या हाताला मिळणारी सवलत निम्मी होत नाही, पावपट उरते. छोट्या स्विचची सगळी नाजूकता या एका हिशोबात आहे.

आता त्यात दोन पदार्थ घालू. पिन पितळेची असेल तर ३ मिलिमीटर अंतर पार करायला उष्णतेला साधारण पाव सेकंद पुरतो. प्लास्टिकमधून मात्र अर्धा मिलिमीटर आत शिरायलाच तिला दोनेक सेकंद लागतात. आयर्नचं टोक पिनला टेकवल्याबरोबर पिनचं बूड तापायला लागतं, पण भोवतालच्या प्लास्टिकला ते उशिरा कळतं. आपलं सगळं काम या उशिराच्या आत उरकायचं असतं. अनेक छोट्या स्विचच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, हाताने सोल्डरिंगसाठी ३५० अंश सेल्सियस आणि जास्तीत जास्त ३ सेकंद अशी मर्यादा दिलेली असते, ती यामुळेच. स्विचच्या अंगासाठी वापरलं जाणारं पीबीटी प्लास्टिक २२३ अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन ६६ सुमारे २६० अंशांना. टोकाचं तापमान दोन्हींच्या पुष्कळ वर आहे. प्लास्टिकला वाचवतो तो फक्त वेळ.

म्हणून नाजूक वस्तू आहे तर आयर्न कमी तापवू, हा विचार इथे उलटतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. यातली गंमत म्हणजे निव्वळ कथील वितळायला २३२ अंश लागतात आणि शिशाला ३२७, पण या नेमक्या प्रमाणात मिसळले की दोघंही त्याखालीच पाणी होतात. मग टोक २२०-२३० अंशांवर ठेवलं तर काय बिघडलं? बिघडतं असं, की उष्णतेचा ओघ तापमानाच्या फरकावर चालतो. टोक पॅडला, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या ठिपक्याला, टेकलं की तेही थंडावतं, फरक थोडाच उरतो, सोल्डर लापशीसारखं राहतं आणि आपण आयर्न धरून बसतो. तोवर पिनमधून उष्णता प्लास्टिकमध्ये मुरतच असते. नेहमीचं शिसंविरहित सोल्डर तर साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं, म्हणजे त्याच्याबाबत ही चूक आणखी महागात पडते. ३२० ते ३५० अंशांचं टोक दीड-दोन सेकंद लावणं हे कमी तापमानाने दहा सेकंद शेकण्यापेक्षा स्विचला कितीतरी सोसवतं.

पण दीड सेकंदात काम व्हायचं तर संपर्क चांगला हवा, आणि खरं कसब इथेच आहे. कोरडं टोक पिनला टेकवलं तर ते जेमतेम एका ठिपक्यावर टेकतं. बाकी सगळीकडे मध्ये हवा, आणि हवा उष्णतेची वाट अडवून धरते. टोकावर आधी सोल्डरचा बारीकसा थेंब घेतला तर तो फटी भरून काढतो आणि उष्णतेला रुंद पूल मिळतो. टोक काळवंडलेलं असेल तर हा थेंब त्यावर चिकटतच नाही, घरंगळून जातो. म्हणून टोकाला सतत सोल्डरची कल्हई राहू द्यायची. सुईसारखं टोक छोट्या कामाला बरं वाटतं, पण मला पॅडच्या रुंदीचं चपटं टोकच आवडतं, ते पॅड आणि पिन दोन्हींना एकदम टेकतं.

एकदा भिंगाखाली हे जरूर पाहा. सोल्डरची तार टेकवल्यावर त्याचा आधी गोळा होतो, पारा असावा तसा. द्रव सोल्डरचा पृष्ठताण पाण्याच्या कित्येक पट असतो, त्याला गोळाच आवडतो. तेवढ्यात तारेच्या पोटातली राळ, म्हणजेच फ्लक्स, वितळून पुढे पसरते आणि तांब्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा विरघळवते. आणि मग एका क्षणी गोळा बसतो, पॅडभर धावतो, पिनला वेढा घालून वर चढतो, त्याच्या कडा पातळ होत पॅडशी एकजीव होतात. त्या क्षणी कथील आणि तांबं मिळून सांध्याच्या तळाशी नवाच संयुगाचा थर तयार करत असतात, मायक्रॉनभर जाडीचा. सोल्डर गोंदासारखं नुसतं चिकटत नाही, ते तांब्याशी संयोग पावतं. हा वेढा दिसला की टोक उचलायचं. त्यानंतरचा प्रत्येक क्षण स्विचच्या पोटात जातो.

राळेचीही एक बाजू सांभाळायला हवी. छिद्रांतून पिना घालतो तेव्हा बोर्ड उलटा धरलेला असतो, म्हणजे स्विच खाली आणि सांधा वर. जास्तीचा पातळ फ्लक्स पिनच्या कडेने स्विचच्या आत उतरतो, तिथे वाळतो आणि संपर्कावर विद्युतरोधक थर धरतो. सीलबंद नसलेला स्विच अल्कोहोलने सढळ हाताने धुतला तरी हेच होतं, विरघळलेली राळ आत वाहून जाते. मी अर्धा मिलिमीटर जाडीची तार वापरतो आणि तिच्यातल्या फ्लक्सवर भागवतो. राळेच्या धुराने दमा जडू शकतो, तेव्हा तोंडासमोरून धूर ओढणारा पंखा हवाच. शिशाची वाफ या तापमानाला जवळपास होत नाही, पण ते बोटांवरून पोटात जातं, म्हणून काम संपलं की हात धुवायचे.

चार पायांच्या बटणाबद्दल थोडं. त्याचे पाय आतून दोन-दोन जोडलेले असतात. जोड्या कुठल्या हे आठवत नसेल तर कर्णातले दोन पाय घ्या, ते नेहमी वेगवेगळ्या जोडीतले असतात. सर्किटला दोनच लागतात म्हणून बाकीचे मोकळे सोडू नका, बोटाचा दाब चौघांनी मिळून सोसायचा असतो. एक पाय सोल्डर केला की थांबायचं, बटण सपाट बसलंय का पाहायचं, मग समोरच्या कोपऱ्यातला पाय. ग्राउंडच्या, म्हणजे सर्किटच्या सामाईक शून्य-जोडणीच्या, रुंद तांब्याला जोडलेला पाय उष्णता पिऊन टाकतो. त्याच्यासाठी वेळ वाढवण्याऐवजी रुंद टोक लावावं.

स्विच मी आता सोल्डरच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मल्टिमीटरवर तपासतो. बटण दाबल्यावर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी चिप, एकाऐवजी चार दाब मोजत असेल तर लगेच सांध्याला दोष देऊ नका. आतली धातूची टोपी टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, चांगल्या स्विचमध्येही, आणि प्रोग्रॅममध्ये १०-२० मिलिसेकंद थांबलं की ते निवळतं. पण बटण घट्ट दाबून धरलेलं असताना बोर्ड जरा वाकवल्यावर सिग्नल जात-येत असेल, तर प्रोग्रॅम बाजूला ठेवा, भिंग घ्या आणि पिनच्या बुडाशी पाहा.