फाइल किती जीबीची, की चित्रण किती मिनिटांचे?

परभणी-बीडकडे लग्नाच्या आणि सप्ताहाच्या डीव्हीडी करून देणाऱ्या मंडळींकडून एकच प्रश्न मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे: ‘फाइल २६ जीबीची आहे, ती ४.७ जीबीच्या डिस्कवर मावणार कशी?’

डिस्कच्या जागेबद्दल फार सांगायला नको. ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट. संगणक १०२४च्या पटीत मोजतो म्हणून ४.३७ दाखवतो, त्यात दुकानदाराने फसवलेले नसते.

खरा घोटाळा मूळ फाइलच्या आकाराचा आहे. मिनी-डीव्ही टेपवरचे एका तासाचे चित्रण संगणकावर सुमारे १३ जीबी घेते. परंतु डीव्हीडीसाठी ते एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीला लागणाऱ्या दाबून लहान केलेल्या चित्रप्रकारात, नव्याने एन्कोड होते, तेव्हा तो आकार मागेच राहतो आणि नवी फाइल केवळ दोन गोष्टींवर ठरते: सेकंद किती, आणि दर सेकंदाला बिट किती. म्हणूनच २६ जीबीचे दोन तासांचे कीर्तन एका डिस्कवर सुखाने बसते. उलट तीन तासांची २ जीबीची एमपी४ फाइल ‘ही तर सहज मावेल’ असे म्हणून ८ एमबीपीएसवर (सेकंदाला ८ मेगाबिट) सोडून दिली, तर तिचे चित्रच १०.८ जीबी होऊन बसते.

हिशेब मिनिटांवरूनच करावा. डिस्क बाइटमध्ये आणि बिटरेट (दर सेकंदाचे बिट) बिटमध्ये मोजतात, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून ४.७ जीबीला आठाने गुणावे: ३७,६०० मेगाबिट. मेनू वगैरेंसाठी पाच टक्के बाजूला काढून उरलेल्या सुमारे ३५,७०० मेगाबिटना दोन तासांच्या ७,२०० सेकंदांनी भागले, की ४.९६ एमबीपीएस येतात. त्यातून आवाज वजा करायचा असतो, आणि नेमके तेच लोक विसरतात. १९२ केबीपीएसचा (म्हणजे ०.१९२ एमबीपीएसचा) एसी-३, म्हणजे दाबून लहान केलेला आवाज, ठेवल्यास चित्राला पावणेपाच उरतात. पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, ठेवल्यास तो एकटाच १,५३६ केबीपीएस खातो आणि चित्राच्या वाट्याला जेमतेम ३.४ येतात. मंडपातल्या कर्ण्याचा आवाज पीसीएममध्ये जपण्याचा हट्ट मला कधीच कळला नाही. (एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल, वरातीपुढे छाती हादरवणाऱ्या ‘डॉल्बी’शी त्याचे नाते नाही.)

तीन तासांना एसी-३ धरूनही चित्रासाठी ३.१ एमबीपीएसच मिळतात. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर आणि मागचा पडदा तोच, अशा कीर्तनाला ते चालतात. वरातीतले दिवे, धूर आणि नाचणारी पोरे आली, की चित्रात चौकोन उठतात. तिथे यजमानांनी कुरकुर केली तरी मी दुसरी डिस्क लावतो.