वर्गणी एक तृतीयांश

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कुठल्याही कारखान्याच्या स्वागतकक्षात जा, भिंतीवर ‘आमचे व्हिजन’ फ्रेम करून टांगलेले दिसेल. सगळ्यांना आपले वाटेल असे ध्येय आणि नवे करून पाहण्याची सवय या गोष्टी हल्ली कार्यशाळा घेऊन शिकवतात. बडोद्यात त्यांची मुळे सव्वाशे वर्षे मागे जातात. आपण मराठी माणसे ती गोष्ट महाराजा सयाजीराव गायकवाडांपाशी सुरू करतो आणि तिथेच संपवतो, म्हणून हे टिपण.

1881 साली कारभार हाती आला तेव्हा महाराज अठरा वर्षांचे होते. पुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणायचे ठरले, तेही साऱ्या राज्यात एकदम नाही. 1893 मध्ये अमरेली आणि आसपासच्या गावांत ते करून पाहिले, आणि सर्व राज्याला लागू केले 1906 मध्ये. मधली तेरा वर्षे आजच्या एखाद्या संचालक मंडळाने धीर धरला असता का, शंकाच आहे.

दुसरा धागा कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेचा. 1890 मध्ये ते उभे राहिले ते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या ध्यासातून. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला असे विषय, आणि ते देशी भाषेतून शिकवायचे हा त्यांचा हट्ट. दरबारात मराठी, बाजारात गुजराती अशा शहरात हा हट्ट साधा नव्हता. त्यासाठी तांत्रिक पुस्तके आणि परिभाषा घडवण्याचे कामही अंगावर घ्यावे लागले. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याच्या कितीतरी आधी इथेच शिकले. गज्जर काही वर्षांत बडोदा सोडून मुंबईला गेले. (तिथे चापेकरांनी डांबर फासलेला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा त्यांनीच रसायनांनी स्वच्छ केला. यावर काय म्हणावे, ज्याचे त्याने ठरवावे!) पण माणूस गेला तरी लावलेली सवय राहिली. 1907 मध्ये ‘अलेम्बिक’ ही रसायने-औषधांची कंपनी निघाली, तिच्या मुळाशी गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन ही नावे आहेत. पुढच्याच वर्षी बँक ऑफ बडोदा. 1949 मध्ये विद्यापीठ झाले, तेव्हा कलाभवन त्यात सामावले गेले.

मला मात्र सर्वांत बोलका वाटतो तो ग्रंथालयांचा हिशेब. 1910 मध्ये महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि राजवाड्यातला आपला खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. वाचनालये काढण्याची चळवळ त्याआधीच मोतीभाई अमीन या शिक्षकाने सुरू केली होती. बॉर्डनना मोकळे रान नव्हे, नांगरलेले शेत मिळाले. गावाला वाचनालय हवे असेल तर खर्चाचा एक तृतीयांश गावाने जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायत देई आणि तेवढाच सरकार. वाचनालय फुकट मिळत नसे, हुकुमानेही येत नसे. आधी गावात कुणाला तरी झोळी घेऊन दारोदार फिरावे लागे, आणि ज्याने चार आणे दिले तो पुस्तके नीट आहेत का ते बघायला येई. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत.

1913 मध्ये बॉर्डन परत गेले. पेट्या फिरतच राहिल्या.