मोबाइल जवळ असला की लॅपटॉप उघडावा का?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लॅपटॉप घेऊन येणारे बरेच जण विचारतात, "दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो. मोबाइल खिशातच असतो, तर लॅपटॉप आपोआप उघडणार नाही का?" काही लॅपटॉपवर उघडतो, काहींवर नाही. आणि जिथे उघडतो तिथेही ही सोय सुरू करण्याआधी दोन मिनिटं विचार करावा, असं आमचं मत आहे.

मुळात या दोन वेगळ्या सोयी आहेत. तुम्ही दूर गेलात की लॅपटॉप लॉक होणं ही एक, आणि जवळ आलात की उघडणं ही दुसरी. पहिली नको तेव्हा चालली तर फार तर पुन्हा पिन टाकावा लागतो. दुसरी नको तेव्हा चालली तर लॅपटॉप भलत्याच माणसासमोर उघडतो.

विंडोज

विंडोजमध्ये २०१७ पासून 'डायनॅमिक लॉक' आहे. आधी फोन ब्लूटूथनं लॅपटॉपशी पेअर करा, म्हणजे जोडून घ्या. पेअर करताना दोन्ही स्क्रीनवर सहा आकडी नंबर दिसतो. तो सारखाच आहे ना, हे बघूनच 'हो' म्हणा. बहुतेक जण न बघता बटण दाबतात, पण हा फोन तुमचाच आहे याची खात्री तिथेच होते. मग सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स असं जाऊन डायनॅमिक लॉकच्या चौकोनात टिक करा.

फोन ब्लूटूथच्या रेंजबाहेर गेला की साधारण मिनिटभरात लॅपटॉप लॉक होतो. ते मिनिट मात्र तुमचं नाही. शिवाय शेजारच्या खोलीत गेलात तर फोन रेंजमध्येच राहू शकतो आणि लॅपटॉप उघडाच. म्हणून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबायची सवय सोडू नका.

डायनॅमिक लॉक फक्त बंद करतं, उघडत नाही. उघडायला चेहरा, बोटाचा ठसा किंवा पिनच लागतो. फोननं उघडून देणारी बाहेरची ॲप्स मिळतात, पण त्यातली काही तुमचा पासवर्ड स्वतःकडे साठवून ठेवतात. हे किल्ली कुंडीखाली ठेवण्यासारखं झालं. आम्ही ती बसवून देत नाही.

क्रोमबुक आणि मॅक

क्रोमबुकवर, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, फोननं उघडायची सोय मुळातच आहे, नाव 'स्मार्ट लॉक'. सेटिंग्जमध्ये कनेक्टेड डिव्हाइसेसखाली अँड्रॉइड फोन जोडता येतो. फोनला स्क्रीन लॉक असलंच पाहिजे. मॅक मात्र आयफोननं असा उघडत नाही. २०१६ पासून तो मनगटावरच्या ॲपल वॉचनं उघडतो, तेही घड्याळ अनलॉक केलेलं असेल तरच.

अंतर कळतं कसं?

बहुतेक वेळा नीटसं कळतच नाही. लॅपटॉप सिग्नल किती जोरात येतोय त्यावरून अंदाज बांधतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं. त्यामुळे फोन मागच्या खिशात असला की तुम्ही समोर बसलेले असूनही तो लांब गेल्यासारखा वाटतो. उलट मोकळ्या जागेत दहा मीटरवरूनही सिग्नल व्यवस्थित पोचतो.

यातूनच एक फसवणूक निघते. एक जण तुमच्या फोनजवळ, दुसरा लॅपटॉपजवळ, आणि दोघांच्या हातातली यंत्रं मधला सिग्नल पुढे पोचवतात. बिनकिल्लीच्या गाड्या अशाच चोरीला गेल्या आहेत. ॲपल वॉच यावर वेगळा उपाय करतं : सिग्नलचा जोर न बघता त्याला जायला-यायला लागणारा वेळ मोजतं. मध्ये कोणी यंत्र घातलं की वेळ वाढतो आणि बिंग फुटतं. ब्लूटूथच्या २०२४ मधल्या ६.० आवृत्तीतही अंतर नेमकं मोजायची सोय आली आहे, पण ती फोन आणि लॅपटॉप दोन्हींत हवी.

आमचा सल्ला

आपोआप लॉक होणं खुशाल सुरू करा. फोननं उघडायचं असेल तर निदान फोनवर बोट टेकवावं लागेल अशीच सोय निवडा. नुसता जवळपणा पुरेसा मानू नका, विशेषतः लॅपटॉप ऑफिसात किंवा हॉस्टेलवर उघड्यावर राहत असेल तर. लॅपटॉपला बोटाचा ठसा घेणारा सेन्सर असेल, तर खरं सांगायचं तर फोनची भानगडच नको.

फोन हरवला किंवा विकला तर लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीतून तो लगेच काढून टाका. पिन लक्षात ठेवा, फोनची बॅटरी संपली की तोच कामी येतो.

हे सेटिंग आमच्याकडून करून हवं असेल तर लॅपटॉपबरोबर फोनही चार्ज करून आणा. पासवर्ड आम्हाला सांगू नका, तो तुम्ही स्वतः टाका.