किसास की आ लो मेखोर? गोम क्रियापदात आहे

सोलापुरातून परदेशी गिऱ्हाइकाला टॉवेलच्या खेपेबद्दल स्पॅनिशमध्ये लिहिणारे असोत, नाहीतर हौसेनं भाषा शिकणारी कॉलेजची पोरं, चूक ठरलेली. 'कदाचित' म्हणायचं असलं की डोळे झाकून सब्जंक्टिव्ह, म्हणजे शंका किंवा इच्छा दाखवणारं क्रियापदाचं रूप. 'शंका आली की सब्जंक्टिव्ह' हे सूत्र घोकून घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण ते अर्धवट आहे.

किसास, म्हणजे 'कदाचित', तुम्हाला येतंच. 'किसा' की 'किसास' यावर वेळ घालवू नका, स्पेनची रॉयल अकादमी दोन्ही रूपं मान्य करते. ताल बेसही त्याच अर्थाचं, त्याच पंगतीतलं.

गाडी अडते ती आ लो मेखोरपाशी. अर्थ तोच, 'कदाचित', पण त्याच्यापुढे सब्जंक्टिव्ह चालत नाही. खेप कदाचित सोमवारी पोचेल, हे 'आ लो मेखोर येगा एल लुनेस' असं होतं. शेवटी 'गा', म्हणजे साधा वर्तमानकाळ. 'येगे' हे सब्जंक्टिव्ह. 'किसास येगे एल लुनेस' बरोबर, पण 'आ लो मेखोर येगे' साफ चूक. आणि 'आ'चा 'ए' होतो एवढंच पाठ करून भागत नाही. पाऊस पडण्याचं क्रियापद दुसऱ्या गटातलं, तिथे उलटं होतं: 'आ लो मेखोर युएबे', पण 'किसास युएबा'.

किसासला दोन्ही रूपं चालतात. 'किसास येगा' म्हणणाऱ्याला खेप येण्याची बऱ्यापैकी खात्री असते, 'येगे' म्हणणारा जास्त साशंक असतो. मात्र किसास क्रियापदानंतर आलं की ही मुभा संपते. 'येगा एल लुनेस, किसास' एवढंच बरोबर. 'शक्य आहे की' या अर्थाच्या प्वेदे केचं नेमकं उलट, त्याला कायम सब्जंक्टिव्हच लागतं.

'मेखोर' म्हणजे 'अधिक चांगलं', म्हणून हा शब्दप्रयोग चांगल्या बातमीसाठीच, असंही काहीजण छातीठोकपणे सांगतात. तसं काही नाही. 'आ लो मेखोर एस्ता एन्फेर्मो', तो कदाचित आजारी असेल, हे अगदी रोजचं वाक्य आहे. फक्त आ लो मेखोर बोलण्यातलं आहे, गिऱ्हाइकाच्या पत्रात ताल बेसच लिहा.

मराठी माणसाचा आणखी एक घोळ होतो तो 'असावा'मुळे. 'तो आला असावा' यातलं विध्यर्थी रूप बघून सब्जंक्टिव्ह लावलं जातं. पण मराठीत हा बऱ्यापैकी खात्रीचा अंदाज आहे आणि असा अंदाज स्पॅनिश माणूस भविष्यकाळात सांगतो: 'आब्रा येगादो'. आपण 'तो आत्ता घरी असेल' म्हणतो, तसंच तिकडे 'एस्तारा एन कासा'. इथे किसासही लागत नाही आणि सब्जंक्टिव्हही.