कॉलरचा की गोल गळ्याचा?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारच्या परिपत्रकाने कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स आणि टी-शर्ट घालायला मनाई केली. मार्च २०२१ मध्ये जीन्स सुटली. टी-शर्ट अडकला तो अडकलाच. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांनाही टी-शर्टची मनाई झाली, आणि जीन्सचीही.

पण कोणता टी-शर्ट? मराठीत शब्द एक आणि कपडे दोन. नाशिकच्या मेन रोडवर कुठल्याही दुकानात टी-शर्ट मागा, दुकानदार आधी विचारणार : कॉलरचा की गोल गळ्याचा? गोल गळ्याचा मूळचा आत घालायचा. अमेरिकी नौदलात तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गणवेशाखाली आला. खेळाचा खरा कपडा म्हणजे कॉलरचा. टेनिस तेव्हा लांब बाह्यांच्या, इस्त्रीच्या कडक शर्टात खेळत. १९२६ मध्ये एक फ्रेंच खेळाडू आखूड बाह्यांचा, विणलेल्या सुताचा शर्ट घालून अमेरिकेतल्या स्पर्धेत उतरला आणि १९३३ पासून तसे शर्ट विकायलाही लागला. पुढे पोलोवाल्यांनी तो उचलला. शर्ट टेनिसचा, नाव पोलोचं!

म्हणजे मैदानावरचे कपडे कचेरीत नकोत म्हटलं, तर आधी कॉलरवाल्याला बाहेर काढायला हवं. होतं उलटंच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत छातीवर कंपनीचं नाव छापलेला कॉलरचा टी-शर्ट गणवेश म्हणून चालतो. माझ्या मते आक्षेप खेळाला कधी नव्हताच, उघड्या गळ्याला होता. परिपत्रकाने तसं सरळ लिहिलं असतं तर निम्मा वाद वाचला असता.

खेळाचे कपडे रोजच्या वापरात आणायचं बाकी काम कापडाने केलं. ताणून पुन्हा आखडणारा धागा अमेरिकेत १९५८ मध्ये तयार झाला. आपण त्याला लायक्रा म्हणतो. पोहण्या-धावण्याच्या कपड्यांतून तो लेगिंग्जमध्ये आला आणि आपल्याकडे कुर्त्याखाली जाऊन बसला. चुडीदार शिवून घेणं त्यामुळे जवळजवळ थांबलंच. शिंप्यांच्या या नुकसानीची दखल कुणी घेतली नाही.

बूट मात्र त्याही आधी घुसले होते. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सहाला जाऊन पाहा : नऊवारीतली आजी, पायात स्पोर्ट्स शूज. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेले. आता ती त्याच बुटांवर भाजी घेऊन घरी जाते.